म्हणून घेणारे घर

दिवेलागणीची वेळ मराठी घरांत फार पूर्वीपासून अभ्यासाचीही वेळ मानली गेली आहे. हातपाय धुऊन मुलांनी भिंतीशी ओळीने बसावे, पाढे, पावकी, निमकी, महिने, तिथी यांची मोठ्याने उजळणी करावी आणि वडीलधाऱ्यांनी हातातले काम न सोडता ती ऐकावी, या रिवाजाला ‘परवचा’ असा शब्द आहे. आमच्या ख्रिस्ती घरांत तिथी-नक्षत्रांची जागा प्रार्थनांनी घेतली होती, एवढाच काय तो फरक. देवळाची सायंकाळची घंटा झाली की अंगणातला खेळ थांबे. मग माळेची प्रार्थना, मग धर्मप्रश्नोत्तरे आणि त्यांच्या पाठोपाठ शाळेतली कविता वा पाढा. या साऱ्याला घरात एकच क्रियापद होते : म्हणून घेणे. आई शिकवीत नसे. ती म्हणून घेई. पुष्कळ घरांत तिला स्वतःला अक्षर वाचता येत नसे. तरी मुलगा कोठे अडखळला, कोठे त्याने ओळ गाळली, हे तिच्या कानाला बरोबर कळे.

मुलांच्या परीक्षा आणि घर यांविषयी हल्ली पालकसभांतून पुष्कळ बोलले जाते. त्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की शिकलेल्या पालकांची आजची पिढी येण्यापूर्वी या कामी घराचा काही वाटाच नव्हता. आमच्या समाजाचा इतिहास पाहता हे खरे ठरत नाही, आणि म्हणूनच तो थोडा उलगडून पाहावा असे आम्हांस वाटले.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. हाती घंटा घेऊन रस्तोरस्ती फिरणारे आणि मुलांना गोळा करून धर्मतत्त्वे म्हणावयास लावणारे झेवियर आपणां सर्वांस चित्रांतून परिचित आहेत. परंतु त्यांच्या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. दक्षिणेच्या मोती-किनाऱ्यावरील कामाविषयी त्यांनी जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून रोममधील आपल्या सोबत्यांना पत्र लिहिले. मुलांनी येथे जे पाठ केले ते घरी जाऊन आईवडिलांना, घरातल्या इतरांना आणि शेजाऱ्यांनाही शिकवावे, असा आपला आग्रह असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले आहे. म्हणजे शिक्षणाचा ओघ येथे मुलाकडून घराकडे वाहत होता. आई विद्यार्थिनी होती, आणि ती विद्यार्थिनी असल्यामुळेच मुलाचा पाठ पक्का होत होता. दुसऱ्यास सांगताना आपले आपणांस उमगते, हा अनुभव कोणत्याही शिक्षकास नवा नाही.

पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच सूत्र ग्रंथात आणले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले, ते मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली, तेथेच छापलेली त्यांची कोंकणी ‘दौत्रीन क्रिस्तां’ मात्र तितकीशी आठवली जात नाही. मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारे ती रचलेली असून तिची घडण गुरु-शिष्य संवादाची आहे. प्रश्न छापलेला, उत्तरही छापलेले. घरात एका माणसास वाचता आले की पुरे. प्रश्न विचारणाऱ्याने पंडित असण्याची गरज उरत नाही. आजच्या प्रश्नपेढ्यांचे मूळ शोधू जाता ते असे येथपर्यंत येते, याची आम्हांस गंमत वाटते.

या घरगुती व्यवस्थेची खरी कसोटी १७३९ साली लागली. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपीय धर्मसंघही गेले. उरले ते थोडे एतद्देशीय धर्मगुरू आणि घरे. त्यानंतरच्या काळात प्रार्थना आणि धर्मप्रश्नोत्तरे पिढ्यान् पिढ्या टिकली, त्यांत उंबऱ्याच्या आत म्हणून घेणाऱ्या आयांचा आणि आज्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाहीत.

आता परीक्षेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील नव्या शाळांची परीक्षा हा जाहीर समारंभ असे. महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांची परीक्षा १८५० नंतरच्या वर्षांत अशीच लोकांसमक्ष झाली. मूल उभे राही, प्रश्न विचारला जाई, आणि उत्तर आले की नाही हे जमलेल्या साऱ्यांना तेथल्या तेथे कळे. मूल चुकले तर काय चुकले हेही ऐकू येई. नुसता आकडा हाती घेऊन घरी परतण्याची पाळी कोणावर येत नसे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा केला. मिशनच्या शाळांनाही त्याचा लाभ झाला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याने ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत स्वीकारली. वर्षातून एकदा तपासनीस शाळेत येई, इयत्तावार मुलांची परीक्षा घेई, आणि जितकी मुले ज्या विषयांत उतरतील त्या मानाने शाळेला पैसा मिळे. लोक त्या अधिकाऱ्यास ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी यावयाच्या दिवशी मूल तापाने फणफणले तर शाळेचे नुकसान! अशा व्यवस्थेत शिक्षकाचे लक्ष मुलाच्या समजुतीवरून दिपोटीच्या संभाव्य प्रश्नांवर गेले, यात त्या बिचाऱ्याचा दोष तो काय? लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने ही पद्धत मोडीत काढली. परंतु तोवर जवळजवळ चाळीस वर्षे गेली होती, आणि परीक्षा म्हणजे बाहेरच्या माणसाने येऊन मुलावर मारावयाचा शिक्का, ही समजूत घरोघर रुजली होती. तिकडे मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचा दबदबाही वाढत होता. १८५९ च्या पहिल्या परीक्षेत अवघे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. अशा परीक्षेपुढे अक्षरशत्रू आईबापांनी आपण होऊन मागे सरावे, हे स्वाभाविकच होते.

नेमक्या याच सुमारास आमच्या ख्रिस्तसभेत उलट दिशेने एक पाऊल पडले, त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात कोणी करीत नाही. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी एका आदेशाद्वारे प्रथम कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांपर्यंत खाली आणले. तोपर्यंत अनेक ठिकाणी दहा, बारा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या मुलांनाच, पुष्कळशी धर्मतत्त्वे पाठ झाल्यावर, हा संस्कार दिला जाई. नव्या आदेशाने सांगितले की संपूर्ण ज्ञानाची अट नको. मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे मुख्य रहस्ये समजून घेतली असावीत आणि साधी भाकर व ख्रिस्तशरीर यांतील भेद त्यास कळावा. मूल सिद्ध झाले आहे की नाही, हे कोणी ठरवावे? पित्याने, वा त्याच्या जागी असलेल्याने, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने. मुलाला जो रोज पाहतो त्याच्याकडे परीक्षकाचे काम आले. पाठांतराच्या मापाऐवजी कुवतीचे माप आले. आम्हांस हा आदेश धर्मशास्त्राइतकाच शिक्षणशास्त्राचाही वाटतो.

राज्यसत्तेने मात्र पालकास वेगळ्या वाटेने ओळखले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. हा दंड त्या काळी हलका नव्हता, आणि त्याची गरजही होती. मुलाचे दोन हात शेतातून काढून घेणे म्हणजे काय, हे आमच्या वसईच्या वाडीकरांस सांगावयास नको. भल्या पहाटे भाजीच्या, फुलांच्या, केळीच्या पाट्या गाडीने मुंबईच्या बाजारी जात. शिंपणे, खुडणे, जुड्या बांधणे यांत घरातले प्रत्येक मूल लागे. ‘परीक्षा आहे, आज तू वाडीत येऊ नकोस,’ असे ज्या बापाने म्हटले त्याने त्या दिवशी रोकड मोजून मदत केली, असेच आम्ही समजतो. व्हर्नाक्युलर फायनलला बसणाऱ्या मुलासाठी घरातला एकुलता एक कंदील राखून ठेवणे आणि बाकीच्यांनी अंधारात जेवणे, हेही याच हिशेबातले. आज पालकांच्या मदतीची गणना करताना आपण शिकवणीची फी तेवढी धरतो.

मराठी माध्यमाच्या आमच्या धर्मग्रामीय शाळांतून ही साखळी बरीच वर्षे अखंड राहिली. शाळेची भाषा आणि घराची भाषा सख्ख्या बहिणी होत्या. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आईला पुस्तकी मराठी बोलता आली नाही तरी समजत असे. भूगोलाचे उत्तर मुलाने म्हटले की ती मध्येच विचारी, ‘म्हणजे काय रे?’ हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसे. मुलगा थांबे, विचार करी, आपल्या शब्दांत सांगू लागे.

ही साखळी तुटली ती माध्यम बदलले तेव्हा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघत गेले आणि मराठी वर्गांचे पट रोडावत गेले. पालकांनी हा निर्णय अविचाराने घेतला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. नोकऱ्यांचे जग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण त्या निर्णयाची किंमत घरातल्या कोणी मोजली, हे सांगावयास हवे. एका शाळेतील पालकसभेस आम्ही हजर होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे अनेक ठिकाणी घडले असेल. चाचणीत कमी गुण मिळालेल्या दुसरीतल्या मुलाच्या आईस सांगण्यात आले, की घरी मराठीत बोलू नका, त्यामुळे मूल मागे पडते. ती बाई काही बोलली नाही. पदराने चेहरा पुसून उठली. रोज रात्री त्या मुलाशी बोलणारे, त्याचे ऐकणारे एकच माणूस होते, आणि त्याला गप्प राहावयास सांगून आपण चाचणीचे गुण वाढवू पाहत होतो! त्या वेळी आम्हीही गप्प बसलो, याची खंत अजून जात नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले. १९८३ च्या धर्मसंहितेने एक पाऊल पुढे जाऊन, पालकांनी शाळेतील शिक्षकांना सहकार्य करावे आणि शिक्षकांनीही पालकांचे म्हणणे आस्थेने ऐकावे, असा नियम घातला. हा नियम त्या सभेत कोणास आठवला असता तर बरे झाले असते.

सरकारी समित्यांनी तरी वेगळे काय सांगितले? प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्यावरील अहवालात प्राथमिक वर्गांना घराच्या परिसरात शोध घेण्याव्यतिरिक्त गृहपाठ नसावा, असे सुचविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतची मंडळाची परीक्षा आणि नापास करणे, दोन्ही थांबविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना पुन्हा दिली. परीक्षा असावी की नसावी, यावर आपण हिरीरीने वाद घातला. मूल घरी काय म्हणून दाखविते, हे विचारावयाचे राहून गेले.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. मुलाने पुस्तक मिटावे व समोरच्यास सांगावे, या आमच्या आजीच्या शिस्तीला एवढ्या उशिरा प्रयोगशाळेचा दाखला मिळाला.

२००५ पासून ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी ग्रामीण भारतात होते. तिची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते : मुलांची चाचणी शाळेत न घेता घरी घेतात. अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढाच मजकूर; मूल ओसरीवर बसून तो वाचते आणि घरातली माणसे भोवती उभी राहून पाहतात. पाचवीतली निम्म्याच्या आसपासच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात, हे या पाहण्यांतून वर्षानुवर्षे दिसत आले. फुल्यांच्या काळची जाहीर परीक्षा अशी पुन्हा दारात आली आहे. पुष्कळ आईबापांना आपले मूल वाचताना अडते हे त्या क्षणी प्रथम कळते. प्रगतिपुस्तकातील श्रेणीने ते कळलेले नसते.

आमच्या ओळखीच्या एका घरात अजून संध्याकाळची माळ होते. माळ संपली की सातवीतली नात आजीपुढे विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक घेऊन बसते. आजीस त्यातले एक अक्षर वाचता येत नाही. ‘आज काय झाले शाळेत, ते मला कळेल असे सांग,’ एवढेच ती म्हणते. परवा पानांतून पाणी बाहेर कसे पडते, हा धडा होता. नातीने इंग्रजी शब्द सांगितला, अडखळली, मग अंगणातल्या केळीकडे बोट दाखवून आपल्या बोलीत सांगू लागली. आजीने मध्येच विचारले, ‘मग रात्री पण पडते का पाणी?’ नातीला उत्तर ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ती तो प्रश्न घेऊन शाळेत गेली.