विद्यार्थ्यांची समाजसेवा : स्वेच्छा आणि सक्ती यांमधला इतिहास

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत समाजसेवेची अनेक पथके असतात. कुठे स्काऊट-गाईड, कुठे हरित सेना, कुठे रोटरीचा इंटरॅक्ट क्लब, तर अकरावी-बारावीला राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे ‘एनएसएस’. ही पथके एकाच वेळी किंवा एकाच विचारातून निघालेली नाहीत. काही ब्रिटिश अमदानीत बाहेरून आली, काही स्वातंत्र्यचळवळीत वाढली आणि काही सरकारी समित्यांच्या अहवालांतून जन्मली. मात्र एक वाद या सगळ्यांच्या इतिहासात आहे : विद्यार्थ्याने समाजासाठी राबावे, हे त्याच्या मर्जीवर सोडावे की परीक्षेसारखे बंधनकारक करावे?

संघटित समाजसेवेची सुरुवात महाराष्ट्रात प्रौढांपासून झाली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) स्थापना केली. सेवा ही फावल्या वेळची दानत नसून शिस्तीने शिकण्याचे काम आहे, ही त्यामागची धारणा होती. समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली. याच समाजाचे दुसरे सदस्य पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे नाव विद्यार्थी संघटनांच्या इतिहासात पुढे वारंवार येते.

शाळकरी मुलांपर्यंत सेवेची कल्पना पोचली ती स्काऊट चळवळीतून. भारतात पहिले स्काऊट पथक १९०९ मध्ये बंगळूर येथे निघाले, परंतु सुरुवातीला त्यात फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. भारतीय मुलांना दार बंद असल्याने वेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासेत एक संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट पथके उभी केली. यात्रा-मेळ्यांतली गर्दी आवरणे, हरवलेल्या मुलांना घरच्यांच्या हवाली करणे, आजाऱ्यांना पाणी आणि औषध पोचवणे अशी कामे या पथकांनी अंगावर घेतली. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटनांचे विलीनीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली आणि कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले.

स्काऊटच्या शिकवणीत सेवा छोट्या मापात येते. रोज एक सत्कृत्य करायचे, गाठी आणि प्रथमोपचार शिकायचे, शिबिरात स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे. मराठी शाळांमध्ये ‘खरी कमाई’ हा उपक्रम विशेष रुळला. यात मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ कामे करून किंवा शाळेच्या आवारात भेळ-सरबताचे स्टॉल मांडून स्वकष्टाचे चार पैसे मिळवतात. घरून मागून आणलेल्या वर्गणीपेक्षा या पैशाचे मोल वेगळे, हे मुलाला सांगावे लागत नाही.

दुसरा प्रवाह राष्ट्रीय शिक्षणाचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत श्रम हा शिक्षणाचाच भाग होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून पुढे आलेल्या नई तालीमने हाताच्या कामाला शाळेच्या केंद्रस्थानी आणले. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची पुण्यात नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सेवा दलाच्या सायंशाखांत खेळ, कवायत, गाणी आणि बौद्धिके असत. स्वातंत्र्यानंतर श्रमदान शिबिरे हा दलाच्या कामाचा मोठा भाग बनला. मुलामुलींनी जातिधर्म न पाहता एकत्र यावे, एका पंगतीत जेवावे आणि एका रस्त्यावर माती टाकावी, हा या शिबिरांचा शिरस्ता. शिबिर, श्रमदान, बौद्धिक, समारोप ही जी परिभाषा पुढे सरकारी योजनेतही सर्रास वापरली गेली, ती महाराष्ट्रात अशा चळवळींमधूनच अंगवळणी पडलेली होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर प्रश्न बदलला. देशउभारणीसाठी लाखो हात हवे होते आणि विद्यार्थी हे त्यातले सर्वांत तरुण, सुशिक्षित हात. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने शिक्षणसंस्थांत राष्ट्रीय सेवा असावी, पण ती स्वेच्छेची असावी, अशी शिफारस केली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात श्रम व समाजसेवा शिबिरे सुरू झाली. दरम्यान, कुंझरू यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना (एनसीसी) स्थापन झाली होती. तिचा भर लष्करी शिस्तीवर होता. नागरी सेवेसाठी तितकी भक्कम यंत्रणा मात्र नव्हती.

१९५८ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एक धाडसी कल्पना मांडली : पदवी मिळवण्यासाठी समाजसेवा ही पूर्वअट करता येईल का? पुढच्या वर्षी शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ती तत्त्वतः उचलून धरली आणि आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री असलेल्या देशमुखांच्या समितीने सुचवलेली योजना अशी होती : शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी. त्यात थोडे लष्करी शिक्षण, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावे.

ही योजना अमलात आली असती, तर शाळा संपवणाऱ्या मराठी मुलाच्या आयुष्यात शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये एक अख्खे वर्ष आले असते. ते आले नाही. एवढ्या मुलांच्या राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार आणि त्यांना काम देणारी, शिकवणारी माणसे कुठून आणणार, हे प्रश्न सुटण्यासारखे नव्हते. खर्च आणि अंमलबजावणीतल्या अडचणी पाहून शिफारशी बाजूला ठेवल्या गेल्या.

त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयिदैन यांनी अनेक देशांतल्या युवासेवेचा अभ्यास केला. वर्धा परिषदेनंतर नेमलेल्या झाकिर हुसेन समितीतही ते होते. त्यांचा निष्कर्ष असा, की राष्ट्रीय सेवा स्वेच्छेच्या पायावर सुरू करावी आणि तिचा विस्तार होता होईल तेवढा करावा. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या ना कोणत्या सेवेशी विद्यार्थ्याचा संबंध जोडण्याची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यात राहून प्रत्यक्ष ग्रामसेवा केलेला माणूस या शिफारशीच्या मागे होता.

सक्तीचा एक प्रयोग मात्र त्याच दशकात होऊन गेला. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची करण्यात आली. इतक्या मोठ्या संख्येला पुरतील एवढे अधिकारी आणि साहित्य उभे करणे जड गेले आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्यापूर्वीच, एप्रिल १९६७ मध्ये, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एनसीसीला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना सुचवली होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला. तेव्हा ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. दरवर्षी २४ सप्टेंबर हा ‘एनएसएस दिन’ म्हणून पाळला जातो तो यामुळे.

योजनेची घडण साधी आहे. नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे. साधारण १०० स्वयंसेवकांचे एक एकक आणि त्याला एक कार्यक्रम अधिकारी. हा अधिकारी म्हणजे त्याच महाविद्यालयातला शिक्षक, जो आपले तास सांभाळून हे काम पाहतो. ओडिशातल्या कोणार्क मंदिराच्या रथचक्रावरून योजनेचे बोधचिन्ह घेतले आहे. त्याच्या आठ आऱ्या दिवसाचे आठ प्रहर दाखवतात. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे तिचे ब्रीद.

या सगळ्याचा कस लागतो तो एककाने दत्तक घेतलेल्या गावातल्या हिवाळी श्रमसंस्कार शिबिरात. सात दिवस पन्नासएक मुले-मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही तर समाजमंदिरात मुक्कामाला असतात. पहाटे उठून प्रार्थना आणि व्यायाम, पोहे-चहा, मग दुपारपर्यंत श्रमदान. जेवणानंतर बौद्धिक आणि गटचर्चा, संध्याकाळी घरोघर सर्वेक्षण किंवा पारावर पथनाट्य. स्वयंपाकाचा गट रोज बदलतो, त्यामुळे घरी कधी ताटही न उचललेल्या मुलाला पन्नास माणसांची भाजी चिरावी लागते.

श्रमदानात ठरलेले काम म्हणजे वनराई बंधारा. त्याला ना सिमेंट लागते ना गवंडी. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती गोळा करायची, ती वाळू-मातीने पाऊण भरायची, दाभण आणि सुतळीने तोंडे शिवायची. मग ओढ्याच्या अरुंद जागी साखळी करून ती हातोहात पुढे द्यायची आणि एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत अशा बेताने रचायची. फटींत चिकणमाती ठासली की पाणी तुंबू लागते. जवळच्या विहिरींना त्याचा पाझर मिळतो, जनावरांना पाणी आणि काठावरच्या वाफ्यांना ओल मिळते. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, त्यामुळे तो दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.

योजनेची पहिली मोठी परीक्षा महाराष्ट्राच्या आठवणीतल्या दुष्काळाच्या काळातच आली. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ मध्ये देशभरातल्या शिबिरांचा विषय ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा होता. पुढे अस्वच्छता व रोगराई, वृक्षलागवड आणि ग्रामपुनर्रचना असे विषय येत गेले. सरकारी योजनेच्या बाहेर, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ येथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या. तिथे हजेरी नव्हती आणि गुणही नव्हते, तरीही महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुले येत राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाही ढिगारे उपसण्यापासून अन्नवाटपापर्यंतच्या कामांत विद्यार्थी स्वयंसेवक उतरले.

आरंभी ही योजना पदवीच्या विद्यार्थ्यांपुरती होती. १९८५ मध्ये ती अकरावी-बारावीच्या स्तरावर प्रायोगिकरीत्या आणली गेली. महाराष्ट्रात १९७५ नंतर दहावीच्या पुढची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांत गेली होती आणि त्यांतली बरीच माध्यमिक शाळांनाच जोडलेली होती. त्यामुळे शाळेच्या आवारातच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची एनएसएस एकके उभी राहू शकली. त्याखालच्या इयत्तांत २००१ पासून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या योजनेतून राष्ट्रीय हरित सेनेची पथके आली.

क्लबाची पद्धत आली ती अमेरिकेतून. तिथे किवानिस या संस्थेच्या पाठबळावर १९२५ मध्ये सॅक्रामेंटोच्या हायस्कुलात ‘की क्लब’ निघाला. रोटरीने १९६२ मध्ये फ्लोरिडातल्या मेलबर्न हायस्कुलात पहिला इंटरॅक्ट क्लब काढला आणि पुढच्याच वर्षी दुसरा क्लब आपल्याकडे तंजावरला निघाला. पदाधिकारी मुलांनी निवडायचे, प्रकल्प मुलांनी ठरवायचे आणि मोठ्यांनी मार्गदर्शनापुरते राहायचे, अशी या क्लबांची रीत. दरवर्षी एक प्रकल्प शाळेसाठी किंवा गावासाठी आणि एक आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी, असा इंटरॅक्टचा दंडक आहे.

अमेरिकेत काही ठिकाणी सक्तीचाही मार्ग धरला गेला. मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी ७५ तासांची सेवा आवश्यक ठरवली. पेनसिल्व्हेनियातल्या एका शालेय जिल्ह्याने ६० तासांची अट घातली तेव्हा पालक न्यायालयात गेले. सक्तीची सेवा म्हणजे संविधानाने बंद केलेली वेठबिगारच, असा त्यांचा एक युक्तिवाद होता. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि अट कायम राहिली. चिंतामणरावांच्या समितीपुढचा पेच तिथे तीन दशकांनी न्यायालयात गाजला.

भारतात एनएसएस ऐच्छिक राहिली आणि ४० हजारांवरून वाढत तिची स्वयंसेवकसंख्या ४० लाखांच्या आसपास पोचली. स्वेच्छेलाही मात्र आमिषे चिकटली आहेत. काही विद्यापीठांत वाढीव गुण मिळतात, प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी उपयोग होतो. त्यामुळे तास फक्त वहीत भरणारी आणि फलक धरून छायाचित्रापुरती उभी राहणारी एककेही आहेत. देशमुख समितीची योजना आणि एनसीसीची सक्ती या दोन्हींत अडचण आली ती खर्चाची आणि काम करून घेणाऱ्या माणसांची. ऐच्छिक योजनेतही जिथे शिक्षक स्वतः मुलांबरोबर ओढ्यात उतरतो आणि गावाला कामाची गरज असते, तिथेच शिबिरे चांगली होतात. योजनेचे बळ कागदावरच्या तासांत नाही, त्या कार्यक्रम अधिकाऱ्यात आहे आणि त्याला वेळ, पैसा व मान देणे हे संस्थाचालकांचे आणि शासनाचे काम आहे.