'छावणी' आणि 'राहुटी' : कापडी निवाऱ्याविषयी एक टिपण

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरील घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी इ. स. १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. खाडीपलीकडील वसई मे १७३९ मध्ये पडली, तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. मराठेशाहीच्या कागदांत 'छावणी' हा शब्द आढळला की आपले विद्यार्थी तंबूंच्या रांगा डोळ्यांसमोर आणतात. या समजुतीने कागदातील ऋतूच हरवतो.

'छावणी' हे 'छावणे', म्हणजे गवतापानांनी आच्छादणे, या क्रियापदावरून झालेले नाम होय. मुळाशी संस्कृत 'छद्' धातू आहे. फौजेने छावणी करणे म्हणजे पावसाळा छपराखाली काढणे. 'राहुटी', 'डेरा', 'तंबू', 'कनात' हे शब्द दसऱ्यानंतरच्या कोरड्या वाटचालीचे. शिवछत्रपतींच्या काळातील, चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेले १६७३-७४ चे पत्र सर्वपरिचित आहे. त्यात चिंता आहे ती दाणावैरण पावसाळाभर पुरण्याची आणि विस्तवाने खण व गवताच्या गंजी जळण्याची. कापड भिजण्याची नव्हे.

याचे कारण सुती कापडाच्या स्वभावात आहे. त्याच्या विणीतून हवा खेळते आणि माणसांच्या श्वासाची वाफ बाहेर पडते. उन्हास व दवास ते पुरेसे. थोडा पाऊस आल्यास सूत ओले होऊन फुगते, छिद्रे आवळतात आणि पृष्ठताणामुळे पाणी काही काळ थोपते. परंतु आतून बोट लागले की तेथूनच पाझर सुरू होतो. कोकणातील आषाढसरींपुढे हा बंदोबस्त टिकणारा नव्हे. मेण चोळून मेणकापड करता येई. मात्र मेणाने पाणी अडते तशी वाफही अडते, शिवाय वजन वाढते. शेतकऱ्याचे इरले या दृष्टीने अधिक शहाणे म्हटले पाहिजे: वरून पानांचे दाट आच्छादन, खालून सारे मोकळे. पाणी अडविण्याचे काम पानांकडे, हवेचे काम उघड्या बाजूकडे. (इंग्रजी 'तारपोलिन'चे मराठीत 'ताडपत्री' झाले, त्यास कोकणच्या छपरांवरील ताडाच्या झावळ्यांची आठवण कारण असावी, असे मला वाटते.)

हलक्या तंबूच्या आधुनिक कापडानेही हा पेच सोडविला असे नाही. १९३५ मध्ये नायलॉन सिद्ध झाले. पुढे त्यावर पॉलियुरेथेनचा लेप देऊ लागले. अशा कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवून तो किती मिलिमीटर उंचीपर्यंत पेलतो ते मोजतात, १५०० मि. मी. पेलणारे कापड सामान्यतः जलरोधक समजतात. परंतु लेपाने वाफ कोंडते आणि पहाटे छताच्या आतल्या बाजूस थेंब धरतात, ते पाहून तंबू गळला असा ग्रह होतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्मछिद्री पटल तयार केले. वाफ त्यातून जाते, पाण्याचा थेंब जात नाही. तरीही तंबूंत बहुधा दुहेरी छताचाच अवलंब होतो: आत विरळ कापड, बाहेर लेपाचे, मध्ये हवेस वाट. इरल्याची युक्तीच म्हणावयाची.

तेव्हा ज्येष्ठ-आषाढाच्या मितीच्या कागदात 'छावणी' आली, तर त्याच दफ्तरातील खर्चाच्या यादीत गवत, बांबू आणि सुंभ यांच्या नोंदी प्रथम शोधाव्यात. कापडाच्या नोंदी आश्विनापुढील कागदांत पाहाव्यात.