पाच पैशांचा झेंडा

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला. इमारत कधी झाली, वर्ग कधी वाढले, हे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते आपल्या शाळेतल्या दोन पंधरा ऑगस्टांबद्दल. एक १९७१ चा आणि दुसरा १९७२ चा. मी तेव्हा अनुक्रमे तिसरीत आणि चौथीत होतो.

१९७१ साली शाळेने तालुक्याहून छापील कागदी झेंडे मागवले होते. झेंड्याला पाच पैसे. आदल्या दिवशी ज्याने पैसे दिले त्याला झेंडा. तांब्यात निखारे घालून घरीच इस्त्री केलेली पांढरी चड्डी-सदरा घालून आम्ही प्रभातफेरीला रांगेत उभे राहिलो. वडिलांचं किराणा दुकान असल्यामुळे माझ्या दोन्ही हातांत एकेक झेंडा होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचे हात रिकामे. आमच्या वर्गात असे नऊ-दहा जण तरी असतील. त्यांना रांगेच्या शेवटी उभं केलं, 'म्हणजे फेरी पुढून शोभून दिसेल' म्हणून. मारुतीच्या पारापाशी फेरी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. मित्र रांगेतून निघून घराच्या बोळाकडे चालला होता. माझ्याकडे दोन झेंडे होते आणि मी घोषणा देत पुढे गेलो. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, पण ते पाठमोरं दृश्य गेलं नाही.

पुढच्या वर्षी स्वातंत्र्याला २५ वर्षं पूर्ण होत होती. रौप्यमहोत्सव थाटात व्हावा अशी सगळीकडे तयारी होती, आणि नेमका पावसाने दगा दिला. १९७२ चा दुष्काळ आपल्या पिढीला सांगायला नको. वर्गातल्या कितीतरी जणांचे आईवडील खडी फोडायला, नालाबांधाच्या कामाला जात. अशा वेळी झेंड्याचे पैसे मागायचे कुणाकडे?

त्या वर्षी चौथीला आलेल्या नव्या गुरुजींनी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "यंदा झेंडा कुणी विकत आणायचा नाही. ज्याची ऐपत आहे त्यानं तर मुळीच नाही." मग रोज शेवटचा तास झेंड्यांचा.

गेल्या वर्षीच्या एकरेघी वह्यांची कोरी पानं गोळा झाली. झेंड्याची लांबी-रुंदी तीनास दोन, हे गुरुजींनी फळ्यावर लिहिलं आणि पट्टी नसलेल्यांना वहीच्या ओळी मोजायला लावल्या. उंची बारा ओळी, म्हणजे प्रत्येक पट्टा चार ओळींचा. लांबी अठरा ओळींइतकी. गुणोत्तर हा शब्द पुढे पुस्तकात आला तेव्हा आम्हाला तो ओळखीचा वाटला. केशरी रंगासाठी कुणाच्या तरी घरी रंगपंचमीपासून राहिलेली वाळकी पळसफुलं उकळली. हिरव्यासाठी पाल्याचा रस काढला, पण तो वाळला की मळकट दिसे. शेवटी हिरव्या खडूची पूड कणकेच्या खळीत कालवून लावली. चक्राला कपड्यांची नीळ. कडबा गुरांनाच पुरत नव्हता, म्हणून काठ्या तुराट्यांच्या.

खरी अडचण चोवीस आऱ्यांची. गुरुजी म्हणाले, "चार आण्याच्या नाण्यानं गोल काढा. घड्याळाचे बारा आकडे असतात तिथं बारा आरे. मग दोन-दोन आऱ्यांच्या मध्ये एकेक." वर्गात हे सर्वांत सफाईदार कोण काढत होतं? मागच्या वर्षी बोळात वळलेला माझा तोच मित्र. दोन दिवसांत त्याच्यापुढे झेंड्यांचा ढीग पडला आणि माझेही दोन झेंडे त्यात होते.

हात चालू असताना गुरुजी सांगत राहत. आपल्या झेंड्याला घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी मान्यता दिली, आणि त्याआधी १९३१ पासूनच्या झेंड्यावर चक्राच्या जागी चरखा होता. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. झेंडा घेऊन मिरवणुकीने जाण्याला बंदी होती आणि ती मोडण्यासाठी ठिकठिकाणांहून आलेल्या लोकांनी तुरुंगवास पत्करला. २६ जानेवारी हा दिवस निवडला तो १९३० साली त्या तारखेला देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली म्हणून. सातवीच्या मुलांनी टकळीवर काढलेल्या सुताला पताका लावल्या, तेव्हा टकळी शाळेत कशी आली तेही कळलं: १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हातांना काम देणारं शिक्षण हवं असं ठरलं, तिथून. सनावळ्या पाठ करायला आम्हाला कधी आवडल्या नाहीत. या मात्र खळीच्या वासासकट लक्षात राहिल्या.

पंधरा ऑगस्टला फेरी निघाली तेव्हा प्रत्येकाच्या हातात झेंडा होता. रंग एकाचाही दुसऱ्याशी जुळत नव्हता. रांग उंचीप्रमाणे लावली. माझा मित्र बुटका, त्यामुळे तो सर्वांत पुढे. खाऊ म्हणून गुळाचा खडा मिळाला. परतल्यावर गुरुजींनी दारात उभं राहून झेंडे मोजून घेतले. "जितके गेले तितके परत. रस्त्यावर एक पडता कामा नये." पुढे २००२ ची ध्वजसंहिता वाचनात आली. कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, त्यांची विल्हेवाट खासगीत, मानाने लावावी, असं त्यात लिहिलेलं पाहिलं आणि दारात उभे असलेले गुरुजी आठवले.

पाच पैसे वाचवणं एवढंच गुरुजींना साधायचं होतं असं मला तेव्हा वाटे. आता कळतं, की विकत आणलेल्या झेंड्याने वर्गाचे दोन भाग झाले होते आणि वहीच्या पानाने ते जोडले. त्या एका आठवड्यात देशभक्तीवर भाषण झाल्याचं मला आठवत नाही.

गुरुजी आज नाहीत. मित्र मात्र मेळाव्याला येणार असल्याचं कळलं आहे. त्या दिवशी दोनातला एक झेंडा तुला द्यायला हवा होता, हे मी त्याला इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहिलं. मेळाव्याला येताना मी एकरेघी वहीची पानं आणि नीळ घेऊन येतो. चक्र त्यानेच काढायचं. माझे आरे अजूनही वाकडे येतात.