अंदमानची पंधरा दिवसांची ट्रिप : हॅवलॉकचा मुक्काम, दिगलीपूरचा रस्ता आणि मधलं जारवांचं जंगल

अंदमानचं पॅकेज विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : पाच रात्री, सहा दिवस. एक दिवस सेल्युलर जेल, दोन दिवस हॅवलॉक, एक दिवस नील आणि जमलंच तर पहाटे तीनला उठून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. हनिमूनला आलेल्या जोडप्यांचा यातला बराचसा वेळ जेट्टीवर सामान तपासून घेण्यात जातो. परत आल्यावर रील भरपूर असतात, पण अंदमान नेमकं केवढं आहे याचा अंदाज आलेला नसतो.

दहा ते पंधरा दिवसांची रजा हाताशी असेल तर वेगळा प्लॅन होऊ शकतो. आधी एका बेटावर निवांत मुक्काम करायचा आणि मग उत्तरेला दिगलीपूरपर्यंत रस्त्याने जायचं. हा प्लॅन हल्ली बऱ्याच जोडप्यांना खुणावतो. मात्र त्यात एक मोठी गोष्ट आहे, जी पॅकेजच्या पीडीएफमध्ये सहसा नसते. राजधानीतून उत्तरेला जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तो टाळून उत्तरेला जाता येतं का? येतं. कसं, ते पुढे पाहू.

आधी नावांचा गोंधळ

तिकीट काढताना पहिला घोळ नावांचा होतो. 30 डिसेंबर 2018 रोजी तीन बेटांची नावं बदलली. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट झालं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर 2024 मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं नाव श्रीविजयपुरम करण्यात आलं. सरकारी कागदांवर नवी नावं असतात, रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनीच. उत्तरेला दिगलीपूरजवळ आणखी एक रॉस बेट आहे, त्याचा या नामांतराशी संबंध नाही. खाली ओळखीची म्हणून जुनीच नावं वापरली आहेत.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढे दोन-सव्वादोन तास. पोर्ट ब्लेअरला दोन रात्री पुरेशा आहेत. मराठी माणूस सेल्युलर जेल चुकवत नाहीच. विनायक दामोदर सावरकर 1911 ते 1921 या काळात इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाला सात पाखं होती, आज तीन उरली आहेत. कोठड्यांच्या रांगा शांतपणे बघायच्या असतील तर सकाळी लवकर जावं, संध्याकाळच्या शोला गर्दी असते.

हॅवलॉकला किमान चार रात्री

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी जलद बोट साधारण दीड ते दोन तासांत पोहोचते, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो. बेट छोटं आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी देऊन वसवलं गेलं. त्यामुळे गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी आणि जेवणात मासे-भात. किनाऱ्यांना नंबर आहेत. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर असंच सगळे बोलतात. सात नंबर म्हणजे राधानगर. 2004 मध्ये ‘टाइम’ने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि तेव्हापासून गर्दी हटलेली नाही.

चार रात्री का? एक कारण स्कूबा. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत पहिली डुबकी मारता येते. पण स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसू नये असा नियम आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून अठरा ते चोवीस तासांचं अंतर ठेवायला सांगतात. सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये याची नेहमीच ओढाताण होते. नंतर आठवडाभर रस्त्यावर असणाऱ्या जोडप्याला हा प्रश्नच येत नाही.

दुसरं कारण सूर्य. अंदमान भारताच्या पूर्व टोकाला आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला काळोख पडलेला असतो. पहाट मात्र तेवढीच लवकर होते. नऊ वाजता उठून नाश्ता करणाऱ्यांचा निम्मा दिवस इथे संपलेला असतो. पहिले दोन दिवस हे अंगवळणी पडण्यातच जातात.

आणि एक इशारा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरलगतच्या एका खाडीसारख्या कोपऱ्यात मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला होता. किनाऱ्यावर मगरीचा बोर्ड दिसला की तो फोटो काढण्यापुरता नसतो. खारफुटी असलेल्या पाण्यात उतरायचं नाही, अंधारात तर अजिबात नाही.

रस्ता कोणाच्या घरातून जातो?

ग्रेट अंदमान ट्रंक रोड, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग 4, दक्षिण अंदमानातून निघून बाराटांग, मध्य अंदमान आणि उत्तर अंदमान अशी बेटं जोडत दिगलीपूरला पोहोचतो. अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर. मध्ये खाड्या आहेत. दोन ठिकाणी आता पूल झाले आहेत, तर मिडल स्ट्रेटला गाड्या फेरीबोटीवर चढवाव्या लागतात. दाभोळ-धोपावेची फेरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल.

पोर्ट ब्लेअर सोडल्यावर जिरकाटांगला चेकपोस्ट लागतं. इथून मिडल स्ट्रेटपर्यंत जवळपास 49 किलोमीटर रस्ता जारवा राखीव क्षेत्रातून जातो. गाड्यांना एकट्यानं जाता येत नाही. दिवसातल्या ठरावीक वेळी सगळ्या गाड्यांचा ताफा पोलीस बंदोबस्तात सोडला जातो. वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवायचा, ओव्हरटेक नाही, थांबायचं नाही, काच खाली करून काही द्यायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही. हे सगळं नुसत्या सूचना म्हणून सांगितलेलं नाही. 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमावलीनुसार उल्लंघनाला तुरुंगवासाची तरतूद आहे आणि 2012 मध्ये ती आणखी कडक झाली.

सोशल मीडियावर जारवा आणि सेंटिनली यांची हमखास सरमिसळ होते. बाहेरच्यांना बाणांनी परतवणारे, 2018 मध्ये एक अमेरिकन माणूस जिथे मारला गेला ते उत्तर सेंटिनल बेट वेगळं. जारवा दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम भागात राहतात. 2011 च्या जनगणनेत त्यांची संख्या 380 नोंदली गेली. एका मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

1970 च्या दशकात हा रस्ता त्यांच्या जंगलातून काढायला घेतला तेव्हा त्यांनी कडवा विरोध केला होता. 1990 च्या दशकाच्या शेवटी ते बाहेरच्या लोकांपुढे शस्त्राविना येऊ लागले आणि पाठोपाठ 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. ज्या समाजाचा बाहेरच्या आजारांशी कधी संबंध आला नाही, त्याच्यासाठी साधा गोवरही जीवघेणा ठरू शकतो. खिडकीतून टाकलेलं बिस्कीट म्हणूनच निरुपद्रवी नसतं.

या रस्त्याविरुद्धच्या न्यायालयीन लढाईत महाराष्ट्राचाही वाटा आहे. अंदमानातल्या ‘सेन’ या संस्थेसोबत पुण्यात कार्यालय असलेली ‘कल्पवृक्ष’ आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांनी इथल्या जंगलांचा प्रश्न कोर्टात नेला होता. मे 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता मात्र चालूच राहिला. उत्तरेच्या गावांना दवाखाना, बाजार, सरकारी कामं यासाठी हाच मार्ग लागतो, असं प्रशासनाचं म्हणणं होतं.

त्यात तथ्य आहेच. दिगलीपूरच्या रुग्णाला तातडीनं पोर्ट ब्लेअरला न्यायचं असेल तर तो काय करणार? पण पर्यटकाची तशी निकड नसते. जानेवारी 2012 मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ समोर आणला आणि या रस्त्यावर ‘जारवा दिसतात का’ म्हणून जाणाऱ्या गाड्यांचा विषय जगभर गेला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे काही आठवडे पर्यटकांची वाहतूक थांबलीही, नंतर ती पुन्हा सुरू झाली. आजही पर्यटकाने या रस्त्याने जाणं बेकायदा नाही. जावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण ‘वाटेत आदिवासी दिसतील’ असं सांगून कोणी पॅकेज विकत असेल, तर ते घेऊ नये हे उघड आहे.

समुद्रातून वळसा

हॅवलॉकचा मुक्काम आधी ठेवला तर राखीव क्षेत्रात पाऊल न टाकता उत्तरेला जाता येतं. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी सरकारी बोटी हॅवलॉकहून लाँग आयलंडमार्गे रंगतला जातात. रंगतला उतरलं की राखीव क्षेत्र दक्षिणेला मागे राहतं आणि तिथून मायाबंदर, दिगलीपूरपर्यंतचा रस्ता सर्वांना खुला.

अडचण तिकिटांची आहे. सरकारी बोटींची तिकिटं थोडेच दिवस आधी मिळतात, वेळापत्रक बदलतं आणि स्थानिकांचं प्राधान्य योग्यच आहे. म्हणून हॅवलॉकचं शेवटचं बुकिंग एखादा दिवस लवचीक ठेवावं. ज्यांना प्रत्येक रात्रीचं हॉटेल तीन महिने आधी पक्कं लागतं, त्यांना हा टप्पा जड जाईल. जोडप्यात एक तसा आणि एक बिनधास्त असेल, तर हे भांडण घरीच उरकून निघालेलं बरं.

रोड ट्रिप म्हटलं की स्वतःची गाडी डोळ्यांसमोर येते. इथे ते जमत नाही, कारण मुख्य भूमीवरून बेटावर यायला जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. रंगतपासून ड्रायव्हरसह टॅक्सी ठरवावी किंवा सरकारी बस पकडावी. बस स्वस्त आहे आणि तिच्यातून प्रवास करणारी माणसंच खरं उत्तर अंदमान दाखवतात : बंगाली, तमिळ, रांचीकडून कामाला आलेल्यांची नातवंडं. सगळ्यांना जोडणारी भाषा अंदमानी हिंदी.

रंगत ते मायाबंदर साधारण 70 किलोमीटर, तिथून दिगलीपूर आणखी 80 च्या आसपास. नकाशावर हे दोन-दोन तासांचं वाटतं. रस्त्याचे काही पट्टे खराब आहेत, तेव्हा दुप्पट वेळ धरावा. रंगतजवळ धनी नाल्याला खारफुटीच्या जंगलातून लाकडी पायवाट समुद्राकडे नेते. मायाबंदरजवळ वेबी गाव आहे. 1925 मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या कारेन लोकांनी ते वसवलं आणि त्यांची भाषा तिथे अजून कानावर पडते.

दिगलीपूरला तीन रात्री द्याव्यात. एरियल बे जेट्टीवरून लहान बोटीने रॉस आणि स्मिथ या जुळ्या बेटांवर जाता येतं. ओहोटीला दोघांच्या मध्ये वाळूची पट्टी उघडी पडते आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. वनखात्याचा परवाना जेट्टीवर घ्यावा लागतो, भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. सॅडल पीक, 732 मीटर, हे अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी, पण दमट जंगलामुळे घाम काढतं. पायथ्याकडच्या कालीपूर किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याचे लोक सोबत असतात. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवायला सांगतील, तेव्हा बंदच ठेवावा.

परतीचा रस्ता आणि दोन राखीव दिवस

परतताना पुन्हा तोच प्रश्न येतो, आणि उत्तरही समुद्रातच आहे. एरियल बेवरून काही ठरावीक दिवशी रात्रीचं सरकारी जहाज पोर्ट ब्लेअरला जातं. केबिन मिळाली तर उत्तम, नाहीतर बंकवर पाठ टेकायची. उलटीची गोळी चढण्याआधी घ्यावी, चढल्यावर घेऊन फार उपयोग नसतो.

परतीच्या विमानाआधी किमान दोन दिवस मोकळे हवेत. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. इथे मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून असतो आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत ईशान्य मान्सूनच्या सरी. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ या प्लॅनला सर्वांत बरा.

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि रंगतला इंटरनेट सुधारलं आहे. गावं सोडली की मात्र नेटवर्क जातं आणि ऑनलाइन पेमेंट त्याच्यासोबत. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्यावी. भारतीयांना या मार्गावर कुठेही वेगळा प्रवेश परवाना लागत नाही, पण दोघांची मूळ ओळखपत्रं प्रत्येक बोटीवर दाखवावी लागतात. आणि किनाऱ्यावर सापडलेला पोवळ्याचा तुकडा, अगदी मेलेला, पांढरा पडलेला असला तरी, बॅगेत टाकू नये. पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये तो दिसतो.