धुण्याच्या पैशांतून साबण

१८८१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अटलांटा शहरात धुणं धुणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी संप केला. जुलै महिन्यात वीसेक जणी एका चर्चमध्ये जमल्या, ‘वॉशिंग सोसायटी’ नावाची संघटना काढली आणि दारोदार फिरल्या. तीन आठवड्यांत जवळपास तीन हजार जणी संपात उतरल्या होत्या. मागणी होती बारा पौंड धुण्याला एक डॉलर, आणि हा दर शहरभर सारखा.

गुलामी कायद्याने संपून तेव्हा सोळा वर्षं झाली होती. ती संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, ते या संपाच्या आठच वर्षं आधी. पण मोकळ्या झालेल्या या बायकांना पुढ्यात काम कुठलं आलं? अटलांटातल्या कमावत्या कृष्णवर्णीय स्त्रिया जवळजवळ सगळ्याच धुणं, स्वयंपाक, मुलं सांभाळणं यांत होत्या. धुणेवालीच्या हातात महिन्याला चार ते आठ डॉलर पडत, आणि धुण्याला लागणारा सगळा खर्च त्यातूनच निघे.

हा खर्च नीट बघायला हवा. सोमवारी गोऱ्यांच्या घरून गाठोडी उचलून आणायची आणि शनिवारी इस्त्रीच्या घड्या घालून पोचवायची. मधले दिवस विहिरीवरून नाहीतर नळावरून पाणी वाहायचं, सरपण आणायचं, कपडे उकळायचे, घासायचे, खळबळून काढायचे, पिळायचे, वाळत घालायचे. साबण घरीच खार घालून केलेला, खळ गव्हाच्या कोंड्याची, आणि टब म्हणजे बिअरचं लाकडी पिंप मधोमध कापून केलेला. इस्त्रीचे लोखंडी ठोकळे चुलीवर तापवायचे, एक निवला की दुसरा घ्यायचा. पाणी आणायला नि गाठोडी पोचवायला घरातली पोरं जुंपलेली. त्या पोरांच्या श्रमाचे पैसे कुणीच धरले नाहीत.

माझी आई पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यांमधून धुणी-भांडी करायची. तिथे साबण मालकिणीचा असे, तरी वडी लवकर संपली की बोलणी आईलाच. “वडी किती झिजली ते मोजतात गं, बोटांच्या चिरा कोण बघतंय?” असं ती रात्री हाताला खोबरेल चोळता चोळता म्हणायची. अटलांटाच्या बायकांचा दर मी वाचला तेव्हा माझं लक्ष डॉलरच्या आधी साबणावर गेलं, ते तिच्यामुळे. पगार सगळ्यांना दिसतो. त्यातून परत कामातच जाणारा पैसा हिशेबात येत नाही.

मग इतका खर्च अंगावर घेऊन त्यांनी धुणंच का धरलं? कारण ते आपल्या अंगणात करता येई. पोरांवर नजर राही, शेजारणी मदतीला येत, आणि मुख्य म्हणजे गोऱ्या मालकाच्या घरात दिवसभर वावरावं लागत नसे. त्या घरांत घरच्या पुरुषांकडून काय सोसावं लागतं हे गुलामीतून आलेल्या बायकांना सांगायला नको होतं. साबण-सरपणाचा खर्च हा अंगाला कुणी हात लावू नये म्हणून मोजलेला पैसा होता, असं मला ठामपणे वाटतं. गोऱ्या बाईला जी सुरक्षितता जन्मतः मिळाली असं धरलं जाई, ती यांना चार डॉलरांतून विकत घ्यावी लागली.

शहराने काय केलं? संपातल्या काही जणींना पकडून दंड ठोठावले. दोन मुलांची आई असलेल्या सेरा कॉलियरने वीस डॉलरचा दंड भरायला नकार दिला, तर तिला साखळदंडातल्या कैद्यांबरोबर चाळीस दिवस सक्तमजुरी सुनावली. घरमालकांनी भाडी वाढवायची धमकी दिली. नगरपरिषदेपुढे ठराव आला की धुणेवालीने दरसाल पंचवीस डॉलरचा परवाना काढावा. म्हणजे तीन ते सहा महिन्यांची कमाई! बायकांनी महापौरांना कळवलं की आम्ही पंचवीस काय, पन्नासही भरू, पण मग शहरातलं धुणं आमच्या ताब्यात राहील आणि दर आम्ही ठरवू. धमकीलाच त्यांनी हक्काचा कागद करायला मागितलं. ऑक्टोबरमध्ये शहरात कापसाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि स्वयंपाकिणी, मोलकरणीही पगारवाढ मागू लागल्या होत्या. परवान्याचा ठराव परिषदेने फेटाळला.

पुढे क्षयरोगाची भीती पसरली तेव्हा रोग घरात आणल्याचा ठपका याच बायकांवर आला. गोऱ्यांच्या मळक्या चादरी त्या रोज हाताळत होत्या, त्यांना त्यातून काय लागत असेल याची काळजी कुणी केली नाही.

१९३५ साली अमेरिकेत म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, आणि दक्षिणेतले बहुतेक कृष्णवर्णीय कामगार शेती आणि घरकाम यांतच होते. १९३८च्या किमान वेतनाच्या कायद्यातही त्यांना जागा नव्हती. घरकामगारांना पेन्शनची दारं १९५० नंतर थोडी उघडली, किमान वेतन मिळायला १९७४ उजाडलं.

मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गची ओसिओला मॅकार्टी १९३५ साली सत्तावीस वर्षांची होती. मावशीची सेवा करायला तिने सहावीत शाळा सोडली आणि जन्मभर लोकांचे कपडे धुतले. १९९५ मध्ये तिने तिथल्या विद्यापीठाला दीड लाख डॉलर दिले, तेव्हा देशभर तिच्या काटकसरीचं कौतुक झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण तिने काम थांबवलं ते वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आणि तेही संधिवाताने हात चालेनात म्हणून.