आश्विन अमावास्या : निर्वाणाची तिथी

इंग्रजी तारीख ठरल्या जागी येते, तिथी मात्र तारखांमधून फिरत असते. त्यामुळे दीपावलीच्या अमावास्येचा इतिहास तारखांच्या यादीत एकत्र सापडत नाही. महाराष्ट्रात ही आश्विन अमावास्या. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेत व जैन ग्रंथांत तीच कार्तिक अमावास्या. दिवस एकच.

परंपरेनुसार इसवी सनपूर्व ५२७ मध्ये याच तिथीला भगवान महावीर स्वामी वयाच्या ७२ व्या वर्षी पावापुरी येथे निर्वाणास गेले. कल्पसूत्र सांगते की, अखेरचा चातुर्मास हस्तिपाल राजाच्या रज्जुकसभेत, म्हणजे लेखनिकांच्या कचेरीत झाला. दोन दिवसांचा निर्जळी उपवास सुरू होता. ज्ञानाचा प्रकाश गेला, आता निदान दिव्यांचा तरी प्रकाश करू, या भावनेने काशी-कोसलाच्या १८ गणराजांनी दीप उजळले. पहिला दिवा वियोगाचा होता, हे फटाक्यांच्या गोंगाटात कोणास आठवते? त्याच रात्री, प्रभूंपासून दूर असलेल्या गौतमस्वामींचा स्नेहबंध तुटला व त्यांना केवलज्ञान झाले. चोपडापूजनाच्या वेळी पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी मागितली जाते, ती याच रात्रीच्या स्मरणाने. पेढीवर मात्र तिचा अर्थ बहुधा नफा असाच घेतला जातो. दिगंबर आचार्य जिनसेन यांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातही निर्वाणाच्या दीपोत्सवाचे वर्णन आहे.

आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद यांनी अजमेर येथे देह ठेवला, तो ३० ऑक्टोबर १८८३ हा दिवसही दीपावलीचाच.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने या तिथीचे नाते विनोबांशी अधिक जवळचे आहे. २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, १९७४ साली, त्यांच्याच आग्रहातून चारही संप्रदायांना मान्य असा ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध झाला. जे काम शतकानुशतके आपसांत जमले नाही, ते जन्माने जैन नसलेल्या एका ब्राह्मणाने घडवून आणले, याची नोंद समाजाने प्रांजळपणे ठेवावयास हवी. पुढे नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनार आश्रमात आजारी असताना, त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले. अनेकांनी विनविले, त्यांनी निश्चय बदलला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. ती आश्विन अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवत २५०९ सुरू झाले.