हासेगावची शाळा आणि विषाणूची खूण

औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' उभे केले. २००९ साली ही मुले गावच्या शाळेत बसू लागली, तर इतर पालकांनी विरोध केला. भीती शेजारच्या बाकाची होती. पण एचआयव्हीचा शोध लागून तेव्हा २६ वर्षे झाली होती. सोबत बसल्याने, जेवल्याने तो पसरत नाही, हे विज्ञानाने कधीच सांगून ठेवले होते.

हा विषाणू रिट्रोव्हायरस जातीचा. त्याचा मजकूर आरएनएत असतो. पेशीत शिरला की तो त्याची डीएनए प्रत करून आपल्या गुणसूत्रात बसवतो. मग आपलीच पेशी त्याचे आरएनए तयार करते. पण पेशीत आपले स्वतःचे हजारो प्रकारचे आरएनए असतात. त्या गर्दीतून विषाणू आपला मजकूर नेमका कसा उचलतो?

त्याच्या आरएनएच्या सुरुवातीजवळ घड्या पडलेला एक भाग असतो. शास्त्रज्ञ त्याला 'साय' म्हणतात. विषाणूचे गॅग हे प्रथिन ती खूण ओळखते आणि जोडीने बांधलेल्या दोन प्रती नव्या कवचात भरते. खूण नसलेला आरएनए बहुतेक बाहेरच राहतो.

१९८३ साली अमेरिकेत मान, मलिगन आणि बाल्टिमोर यांनी उंदरांच्या एका रिट्रोव्हायरसमधून ही खूण काढून टाकली. कवचे तयार झाली, पण विषाणूचा मजकूर त्यांत भरला गेला नाही. मग तीच खूण हव्या त्या जनुकाला जोडली, तर कवच ते जनुक वाहून नेऊ लागले. रोग पसरवणारी गाडी औषध पोचवू लागली.

त्या वाटेचे एक टोक आज मुंबईत आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवरची 'नेक्सकार-१९' ही भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचे लोकार्पण केले. तिच्यात रुग्णाच्याच पेशींत नवे जनुक पोचवायचे काम एचआयव्हीच्या कुळातला, निर्धोक केलेला विषाणू करतो.

विज्ञानाने विषाणूची खूण ओळखून त्याला कामाला लावले. आपण मात्र लेकरांवरच खूण मारली. इल्म हासिल करणे फर्ज आहे, असे आपण जुम्म्याला ऐकतो. त्या इल्ममध्ये हेही येते. एचआयव्ही रक्तातून, असुरक्षित संबंधांतून आणि आईकडून बाळाला होतो. सरकारी केंद्रांत त्याची औषधे २००४ पासून मोफत मिळतात. ती नेमाने घेणारे मूल शिकते, मोठे होते. त्याला शाळेत जागा देणे एवढेच आपल्या हाती उरते.